या पोरी स्टेजवर येणार नाहीत

मी शाळेत असताना एका समारंभात देणगीदार बाईंनी फ्रॉक माझ्या छातीला लावून धरला, मला खांद्याला धरून लोकांकडे वळवलं आणि माईकवर म्हणाल्या, "हिची आई लोकांची भांडी घासते. पण पोरगी हुशार आहे हो!" टाळ्या. फ्रॉक त्यांच्याच मुलीचा, वापरलेला. ती माझ्याच वर्गात होती. पहिल्या रांगेत बसून हसत होती. मागे माझी आई उभी. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती बिचारी. तिनं मान खाली घातली, ती घर येईपर्यंत वर केली नाही. "पाया पड," बाई म्हणाल्या. मी पडले. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

आता मी उत्तर नागपुरात, आमच्याच वस्तीजवळच्या एका खासगी शाळेत शिकवते. यंदा माझ्या पाचवीत दोघी बहिणी आल्या. पाकिस्तानातलं घरदार सोडून, सिंधहून. मराठीचा गंध नाही. पण लंगडीत पहिल्याच दिवशी अर्धा वर्ग बाद केला.

संस्थेनं स्वागत समारंभ ठरवला. हार, दप्तरं, पाहुणे, फोटो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मोठीला बोलायला लावा. तिकडे काय काय भोगलं ते. रडली तर रडू द्या. पाहुणे हेलावले पाहिजेत."

थोरलीला कुणीतरी हे हिंदीत समजावलं. तिनं जिन्यात माझा पदर धरला. "मॅडम, बाबा वाली बात भी बोलनी पड़ेगी?"

ती बात काय, मी विचारलं नाही. "नहीं," म्हटलं.

समारंभात नावं पुकारली. पोरी भीत भीत उठल्या. मी पुढे जाऊन उभी राहिले. हॉलभर ऐकू जाईल असं बोलले, "या पोरी स्टेजवर येणार नाहीत. दप्तरं द्यायची तर वर्गात येऊन सगळ्यांना द्या."

"अहो बाई, पाहुणे थांबलेत!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"थांबू द्या."

मागे माझ्या वर्गातली एक पोरगी शेजारणीवर खेकसली, "सरक ना वं, त्यायले बसू दे!" सतरंजीवर जागा झाली. दोघी मांडी घालून बसल्या. त्या दिवशी शाळेत खरं स्वागत झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. "तुमच्या लोकांना सगळ्यातच अपमान दिसतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

हो, दिसतो. आम्ही तो अंगावर झेललाय. आम्हाला नाही तर कोणाला दिसणार?

लेखी माफी मागा म्हणाल्या. नाही मागितली. मागणारही नाही. नोकरी घ्यायची तर घ्या. पण पुन्हा कुठल्या लेकराचं दुःख माईकवर मागाल, तर आधी माझ्याशी गाठ आहे.