मूर्ती न भरता

आमचे हे धाटावच्या कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांनी काय घ्यावं, तर जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार! पेणच्या रस्त्यांवर! मी कपाळावर हात मारून घेतला. पण ती आल्यापासून हा माणूस सकाळी शीळ घालत उठायला लागला, म्हणून गप्प बसले.

एका रविवारी रोह्याजवळ मित्राच्या मोकळ्या काँक्रीटच्या आवारात गेलो. मधोमध रिकामं पिंप ठेवून हे भोवती जोरात फेऱ्या मारायला लागले, आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं थांबली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. उतरले ते तोंड पाडून.

"विकतो. आपल्याला जमायचं नाय." तिथूनच एका गिऱ्हाइकाला फोन लावून संध्याकाळी बोलावलंसुद्धा. म्हणजे ती शीळ बंद! मला बघवेना.

"अहो, सरका तिकडे. मी बघते."

मी माहेरची हमरापूरची, घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. गणपती भरलेला टेम्पो दर वर्षी मीच चालवते. त्यामुळे पहिली फेरी अगदी गोगलगाय.

"मूर्ती भरल्यात काय गो?" शेजारून आवाज आला.

असा राग आला! दाबला पाय. स्टिअरिंग आधी जड झालं, मग एकदम हलकं, आणि गाडीचं नाक बाहेर पळायला लागलं. पाय जरा सैल केला, तसं ते आत वळलं. परत दाबला, तर मागची बाजू बाहेर सरकली. असलं सरकणं हातांच्या आधी कमरेला कळतं.

"पाय काढ! ब्रेक मार!" हे ओरडले. तेच तर ते स्वतः करत होते, म्हणून गाडी गर्रकन फिरत होती! पण टेम्पो घसरला तरी मी कधी काही झटक्यानं करत नाही, देवाची बोटं तुटतात. पाय ठेवला तसाच. मागचं टोक जिकडे चाललं होतं तिकडेच स्टिअरिंग अलगद वळू दिलं. टायर किंचाळताहेत, गाडी आडवी, तरी सगळी माझ्या हातात! आई शप्पथ, मी खदाखदा हसत होते.

थांबले तेव्हा हे दार घट्ट धरून बसलेले. "परत एकदा," म्हणाले.

तेवढ्यात यांना गिऱ्हाइकाचा फोन आला, निघू का विचारायला.

"नको हो. गाडी गेली."

"कुणी घेतली?"

"बायकोनं. आता मला शिकवणार हाय ती."