अमावस्येचं चलन

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. तिथे कापडाचे रंग बनतात आणि निर्यातीचे कागद गेली एकवीस वर्षं मी बघते. एवढ्या वर्षांत अमावस्येच्या तारखेचा एकही कागद माझ्या हातून बाहेर गेलेला नाही. अमावस्येला माल निघालाच तर निघो, बिलावर आणि चलनावर मी दुसऱ्या दिवसाची तारीख टाकायची. मालक असलं काही मानत नाहीत, पण माझ्याशी वाद घालण्यापेक्षा गप्प बसणं त्यांना सोपं वाटत असावं. माझ्या वडिलांनी घराचा करार अमावस्येला केला होता आणि पुढे आम्ही काय काय भोगलं ते मला पाठ आहे. तेव्हा या विषयात मला कोणी शहाणपण शिकवू नये, असं माझं मत होतं.

शिकवणारे एकच होते, आमचे स्टोअर सांभाळणारे. कळव्याहून येतात, बौद्ध घरातले, बोलणं कमी आणि अक्षर मोत्यासारखं. कोणता ड्रम कधी गेटबाहेर गेला हे रजिस्टरमध्ये ते स्वतः लिहितात, वेळेसकट. एकदा मी त्यांना सांगितलं, की रजिस्टरमध्येही उद्याची तारीख घाला, म्हणजे माझ्या कागदांशी मेळ बसेल. माल आज गेला तर आजच लिहिणार, असं म्हणून त्यांनी रजिस्टर मिटलं. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते समोरून आले की मी उगाच फाइल उघडून बसायची.

बंगालला लागून असलेल्या सीमेपलीकडच्या, शेजारच्या देशातल्या कापड गिरण्या हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. माल ट्रकने जायचा. मग दोन देशांचं बिनसलं आणि एके दिवशी आदेश निघाला, की सीमेवरच्या नाक्यावरून असा माल जाणार नाही. आमचा ट्रक तेव्हा नागपूरच्याही अलीकडे होता. तो तिथूनच परत फिरला आणि सगळे ड्रम पुन्हा आमच्याच स्टोअरमध्ये येऊन बसले.

रंगाला लागणारी रसायनं आम्ही परदेशातून करमाफीवर आणतो. त्यातून बनलेला माल ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर गेला पाहिजे, ही अट. ती मोडली तर पुढची परवानगी अडकते, आणि रसायनं नाहीत तर कारखाना नाही. मुदत संपायला महिना राहिला होता. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, की यातून सुटलो नाही तर दिवाळीपर्यंत बंद करू. आम्ही अकरा माणसं आहोत. मी घरी येऊन भाजी निवडत बसले आणि निवडलेली पानं कचऱ्यात टाकली.

दोनच आठवड्यांत सरकारने अशा अडकलेल्या निर्यातदारांना सवलत दिली. मुदत वाढवून मिळणार होती आणि तोच माल समुद्रमार्गे पाठवता येणार होता. मालक खूश झाले. मी अटी वाचल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सवलत होती ती बंदीच्या आदेशाच्या आधी कारखान्यातून निघालेल्या मालाला. आदेश प्रतिपदेचा. आमचा माल आदल्या संध्याकाळीच टेम्पोने कल्याणला ट्रान्स्पोर्टच्या गोदामात गेला होता, पण ती संध्याकाळ अमावस्येची. बिल आणि चलन, दोन्हींवर माझ्या सहीने प्रतिपदा.

अर्ज केला. तारखांचं कोडं पडल्यामुळे सुनावणी लागली, ती व्हिडिओवर. आमच्या निर्यातीच्या कामांच्या सल्लागाराचं ऑफिस नौपाड्यात आहे, तिथे मी, मालक आणि स्टोअरवाले जाऊन बसलो. रजिस्टर त्यांनी कापडी पिशवीतून आणलं होतं आणि रिक्षातही मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. सल्लागार मला म्हणाला, कॉम्प्युटरची चूक झाली असं सांगा. मी होकाराची मान हलवली.

पडद्यावरचे अधिकारी वयाने माझ्याएवढेच असतील. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, की चलन एका तारखेचं आणि गेटची नोंद आदल्या दिवसाची, हे कसं? कॉम्प्युटर माझ्या जिभेवर आला होता. पण शेजारी ते रजिस्टर उघडं होतं, आणि मला खोटं बोलायची लाज वाटली.

"सर, त्या दिवशी अमावस्या होती," मी म्हटलं. "मी त्या तारखेचा कागद करत नाही. चूक माझी आहे."

मालकांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणि रजिस्टरला अमावस्या नव्हती का?"

"आमच्यात नसते, सर," स्टोअरवाले म्हणाले.

अधिकारी हसले की नाही ते मला नीट दिसलं नाही. त्यांनी रजिस्टरची आधीची आणि नंतरची पानं दाखवायला लावली. एकही खाडाखोड नव्हती. कल्याणच्या गोदामाची पोच मागवली, तीही त्याच संध्याकाळची निघाली. निर्णय कळवू, एवढंच सांगून त्यांनी सुनावणी संपवली.

मंजुरीचा मेल आठ दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत आला. मी तो तीनदा वाचला. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. मालकांना सांगण्याआधी मी स्टोअरमध्ये गेले. ते डबा खात होते. मी म्हटलं, मिळाली परवानगी, आणि तुमच्यामुळे मिळाली. पंधरा दिवसांच्या अबोल्याचीही माफी मागायची होती, पण त्यांनी घास खाली ठेवला आणि चेहरा दुसरीकडे वळवला.

"ताई, महिनाभर घरी काय सांगितलंच नव्हतं मी," ते म्हणाले. "पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तीच रोज डबा भरून द्यायची, आणि मी इथे येऊन डबा न उघडता नुसता ड्रमांकडे बघत बसलेलो असायचो."

मला वाटत होतं, भीती एकट्या मलाच वाटते आहे. हा माणूस महिनाभर घास गिळू शकत नव्हता, त्यातले अर्धे दिवस माझ्या एका तारखेपायी, आणि तरीही मला एका शब्दाने बोलला नव्हता. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि रडले. त्यांनी डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलं, त्यात अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मी सुकट खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

मग मी त्यांना म्हटलं, आधी घरी फोन करा. ते म्हणाले, घरी काही माहीतच नाही, तर सांगू काय? थोडा विचार करून त्यांनी फोन लावलाच, आणि मुलीला एवढंच म्हणाले, की चटणी आज चांगली झालीये.