इसारात गेलेला रुपया

बेल्ह्याच्या दादाभाऊंना नाण्यांचं वेड. जुन्यापुराण्या नव्हे हो, रोजच्या चालू नाण्यांचं! टाकसाळीत चुकलेलं नाणं हुडकायचं, हा त्यांचा नाद. सुट्टे हातात आले की आधी उलटेपालटे करून बघणार, मगच खिशात टाकणार. "झिजलेलं निराळं आन् चुकलेलं निराळं," असं ते सुरू झाले की माणसं चहा अर्धा टाकून उठायची. बायको मंगल तर तोंडावर म्हणायची, "खूळ लागलंय, खूळ!"

आणि त्या खुळाला एकदाचं फळ आलं. ओझरला देवळापुढं नारळ घेताना एक रुपया मिळाला, ठसा पार एका अंगाला सरकलेला. दादाभाऊ तो शर्टाच्या वरच्या खिशात घालून गावभर मिरवले.

त्याच शर्टानं ते आठवडे बाजारात गेले आणि घोळ झाला. साळुबाई नावाच्या म्हातारीची गाय पसंत पडली. घासाघीस होऊन भाव ठरला. भाव ठरला की इसाराचा रुपया तिथल्या तिथं हातावर ठेवायचा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक टपलेलंच असतं. दादाभाऊंनी घाईघाईत वरच्या खिशातला काढून दिला. टेम्पो बघायला निघाले, सहज खिसा चाचपला, आणि घात झाला!

आता मागायचा कसा? इसार परत मागणं म्हणजे शब्द मोडणं. पुन्हा बाजारात तोंड दाखवायची सोय नाही. पण जीव राहीना. दुसरा रुपया मुठीत धरून ते ओशाळे होऊन म्हातारीपुढं उभे राहिले.

"आजी, सौदा पक्का हाय. फकस्त रुपया बदलून द्या."

"देते की. पर का, ते तरी सांगा." साळुबाईनं पदराची गाठ सोडली.

इथं गप्प बसले तर ते दादाभाऊ कसले! "ही कड बघा, कोरी हाय. आता पालथा करा. मागं बी त्याच जागी कोरी. कुणी कानस मारली असती तर वरखडे दिसले असते. ठसा मारतानाच नाणं सरकलं व्हतं."

म्हातारीनं रुपया डोळ्यांशी नेला. "अगं बया! सरकारचा बी हात चुकतो व्हय?" मग म्हणाली, "आन् फुडनंच कोरी असती, मागनं नसती, तर?"

असा प्रश्न दादाभाऊंना जन्मात कुणी विचारला नव्हता. ते तिथंच गवताच्या पेंढीवर बसले आणि सांगत सुटले.

सगळं ऐकून साळुबाईनं रुपया पुन्हा पदरात बांधला, वर आणखी एक गाठ मारली. "न्हाई देत, पावणं. आता मला बी कळलाय त्यो!"

जीव तुटला हो बिचाऱ्याचा. पण गाय घेऊन घरी आले ते हसतच.

"रुपया कुठाय?" मंगलनं विचारलं.

"दिला. पुढल्या बाजाराला म्हातारी तिच्याकडली सगळी चिल्लर आणणार हाय, मला दाखवायला."