आमच्यातलीच

"ही आमच्यातलीच आहे, काकू," मुक्ता म्हणाली आणि इंदिरानगरची ती खोली आम्हा दोघींना मिळाली.

मी मूग गिळून बसले. घरमालकीणकाकूंनी चहा दिला, रोजच्या वापरातल्या कपात. मी दोन घोटांत संपवला. जिन्यात मुक्ताला विचारलं, "असं का सांगितलंस?"

"अगं, खोली हवी ना? चिल मार. मी कुठे मानते असलं काही? आणि तुझं आडनाव सेफ आहे. कळत नाही."

सेफ. हा शब्द मी अंबडच्या कंपनीत रोज पाटीवर वाचायचे. माझ्या बापाच्या नावाला कुणी तो लावेल असं वाटलं नव्हतं.

मुक्ता आणि मी त्याच कंपनीत, एकाच टेबलाला, एकाच पगारावर. तरी तिचा मला भयंकर हेवा वाटायचा. खरं सांगते, पोटात दुखायचं. तिनं इन्स्टावरून आडनाव काढून टाकलं. खाली लिहिलं, 'फक्त माणूस'. भराभर लाइक्स पडले. साहेबांना ती नावानं हाक मारते. तिचं काही चुकलं तर चूक तिची एकटीची. माझं चुकलं की 'यांचं असंच असतं'. शनिवारी सगळे जमले की ती म्हणायची, "आपली पिढी जात मानत नाही यार." सगळे माना हलवायचे. मीही हलवायचे. न मानण्याचीही चैन असते, आणि ती तिला जन्मापासूनच होती.

मुक्ता माझ्या एक दिवस आधी राहायला गेली. तिचं सामान चढवायला मी होते. तिचे बाबा दारातूनच "राम राम, वहिनी" म्हणाले, सोफ्यावर मांडी घालून बसले, पोहे खाल्ले, वर अजून मागून घेतले. काय बोलायचं ते त्यांना कुणी शिकवून आणलं नव्हतं. मी बघत होते आणि आतून जळत होते. ते गेल्यावर मुक्तानं मला बाजूला घेतलं. "उद्या तुझ्या पप्पांना तेवढं सांगून ठेव. फक्त नमस्कार म्हणायचं. प्लीज."

माझे पप्पा नांदगावला शिवणकाम करतात. गिऱ्हाईक असो, कंडक्टर असो, आधी "जय भीम", मग पुढचं बोलणं. माझ्या खोलीसाठी त्यांनी पडदे शिवून आणले होते. गादी खांद्यावर घेऊन जिना चढत होते. मधल्या वळणावर मी म्हणाले, "पप्पा, वर फक्त नमस्कार म्हणा."

ते थांबले. गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बरं. तुझी खोली हाय पोरी. तू म्हणशील तसं."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

काकूंनी दार उघडलं. पप्पांनी हात जोडले. तोंड सवयीनं उघडलं, मिटलं. मग "नमस्कार" म्हणाले. इतक्या बारीक आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. साठीच्या माणसाचं तोंड मी दाबलं होतं. एका खोलीसाठी.

"जय भीम, काकू," मी म्हणाले. मोठ्यानं.

काकू मुक्ताकडे बघायला लागल्या. "अगं, तू तर म्हणाली होतीस..." मग माझ्याकडे वळल्या. "माझं काही नाही हो. पण सासूबाई येऊन-जाऊन असतात. त्यांना चालायचं नाही."

"काय चालायचं नाही?" मी विचारलं.

त्यांनी दार अर्धं लोटून घेतलं. पप्पांनी गादी परत उचलली. मुक्ता बाहेर आली.

"एवढा ड्रामा! गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? तुझ्यासाठीच केलं होतं मी."

"तू मानत नाहीस ना? मग चल खाली. दोघी दुसरी खोली बघू."

ती चप्पल घालायलासुद्धा वाकली नाही.

मी अजून हॉस्टेलवरच आहे. मुक्ताचा हेवा गेलेला नाही. वाढलाय. आता तो लपवत नाही, एवढंच. तिच्या बापाला त्या दारात जे न मागता मिळालं, ते माझ्या बापाला मिळालंच पाहिजे, कुणाच्या खोटं बोलण्याच्या उपकाराशिवाय. सुट्टीच्या दिवशी खोल्या बघत फिरते. दार उघडलं की आधी पूर्ण नाव सांगते. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारते, आणि ते त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत दारातून हलत नाही.