टाकीवरचा प्रबंध

आमच्या बिल्डिंगला पाणी फक्त सकाळी सुटतं. वॉचमन गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह उघडतो आणि पुढचा तासभर बदलापूर पश्चिमेची ही चार मजली इमारत लग्नघरासारखी धावपळीत असते. प्रत्येक घरात आधी कालचं पाणी मोरीत ओतलं जातं, कारण ते शिळं. मग पिंप, हंडे, पातेली, तांबे, हाताला लागेल ते भरायचं. सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यांना धार उरत नाही. चौथ्या मजल्यावरचा नळ तर नुसता खोकतो.

हाच माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय होता. नाव लांबलचक आणि इंग्रजीत होतं, पण अर्थ एवढाच, की टाकी किती वेगाने रिकामी होईल आणि कुठल्या मजल्याचं पाणी आधी जाईल हे गणिताने सांगता येतं का. अंबरनाथच्या पुढे आमचं कॉलेज. तिथले माझे गाईड सर विषय ऐकून खूश झाले. म्हणाले, "यात अर्थशास्त्रसुद्धा आहे. दुसरा नेईल या भीतीने माणूस गरजेपेक्षा जास्त भरतो." मी हे थोर वाक्य घरी येऊन आईला ऐकवलं. ती भाजी निवडत म्हणाली, "त्याला कॉलेज कशाला लागतं? सकाळी जिन्यात उभी राहा."

पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर मी उल्हासनगरच्या बाजारातून आणला आणि टाकीच्या झाकणाला आतून बसवला. बेत साधा होता. सुरुवातीच्या आठवड्यांच्या नोंदींवरून गणिताचं मॉडेल बांधायचं आणि नंतरच्या आठवड्यांच्या नोंदींवर ते खरं ठरतंय का पाहायचं. मुदत मी एकदा वाढवून घेतली होती. पुन्हा मिळणार नाही, असं सरांनी बजावलं होतं.

मॉडेलने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. पाणी सुटलं की आलेखातली रेघ थोडा वेळ शहाण्यासारखी चालायची आणि मग कड्यावरून उडी मारल्यासारखी सरळ खाली. हा कडा काही माझ्या समीकरणात बसेना. एका संध्याकाळी मी लॅपटॉपसमोर अक्षरशः रडले. आई चहा घेऊन आली, तर तिला म्हटलं, "हा कडा बघ. सगळे एकदम नळ सोडतात ना, त्याने होतो. यानेच माझा जीव घेतलाय." तिने चष्मा लावून रेघ नीट पाहिली, बोटाने गिरवली. आई एखादी गोष्ट इतकी नीट बघते तेव्हा खरं तर सावध व्हायला हवं.

शेवटी समीकरण जमलं. कडा जिथल्या तिथे आला. मी खुशीत दुसऱ्या टप्प्याच्या नोंदी उघडल्या, तर कडा गायब! रेघ गुळगुळीत उतारावरून हळूहळू खाली येत होती. मला वाटलं सेन्सर गेला. तो उचकटून पुन्हा उल्हासनगर गाठलं. दुकानदाराने तपासून परत हातात ठेवला. "ताई, पीस एकदम ओके आहे. तुमच्या टाकीतच काही लफडा असेल, देख लो." सरांचं मत आणखी वाईट होतं. म्हणाले, मॉडेलच चुकलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर निघाले, तर जिना शांत. तिसऱ्या मजल्यावर दार किलकिलं करून एकीने वर हाक मारली, "काकू, झालं का तुमचं? आता आमचा नंबर!" वरून उत्तर आलं, "झालं गो, सोडा तुम्ही!"

मी होते तिथेच पायरीवर बसले. चौथ्या मजल्याचा पहिला नंबर, मग तिसरा, दुसरा, शेवटी पहिला. दारातल्या बाईकडून कळलं ते असं: आईने हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं होतं, की पोरीच्या अभ्यासाची रेघ आपल्या हावरटपणामुळे बिघडतेय, ती सरळ करायची आहे. आणि ज्या बायकांचं वॉशिंग मशिनच्या आवाजावरून वर्षानुवर्षं पटलं नव्हतं, त्या माझ्यासाठी पाळ्या लावून गुपचूप पाणी भरत होत्या.

मी घरी जाऊन आकाशपाताळ एक केलं. "अगं, मला तो कडाच हवा होता!"

"मग त्याच्यासमोर बसून रडत कशाला होतीस?" आई म्हणाली.

बायका करायला गेल्या एक, झालं भलतंच. आता सगळ्यांना हात जोडून सांगायचं होतं, की बायांनो, पुन्हा पूर्वीसारखं तुटून पडा. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या काकूंपासून केली. या काकू मूळच्या कोकणातल्या, एकट्या राहतात, गुडघे पार गेलेत. त्यांना रोज कुणीतरी खालून बादली नेऊन द्यायचं, बरेचदा मीच. गेले काही दिवस मात्र आई "तू अभ्यास कर" म्हणून मला जाऊ देत नव्हती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या आणि शॉवर सोडला. "जागा घेतली तेव्हा ह्यांनी हौसेने बसवला होता. ते गेले, पण यातून एक थेंब कधी आला नाही. आता रोज अंघोळ करते याच्याखाली. तुझ्या शिक्षणाने केलं हो हे."

मी मूग गिळून खाली आले. सांगणं शक्यच नव्हतं. प्रबंध बुडाला तर बुडाला, असं मी आईला रागारागाने म्हटलं आणि उशीत तोंड खुपसून झोपले.

आईने ते कधी वर पोचवलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी काकू कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली उतरल्या. प्रत्येक दारात थांबून म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्यांनी नळ एकदम सोडा. अगदी भरपूर भरा. पोरीला परीक्षेला ते लागतं." मी जिन्यात त्यांना अडवलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. "वर्षानुवर्षं बादलीने अंघोळ केली, आणखी थोडे दिवस केली तर मरत नाही मी. बादली मात्र तू आणायची."

रोज सकाळी टाकी धाडकन रिकामी व्हायची, आणि मी दोन बादल्या घेऊन चौथा मजला चढायचे. आलेखात कडा आला. मॉडेलने सांगितला होता तिथेच आला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या निष्कर्षाप्रमाणे वरच्या मजल्याला पाणी पोचणारच नाही?" मी "हो सर" म्हणाले. इतकं बरोबर आणि इतकं नकोसं उत्तर मी दुसरं दिलेलं नाही.

पेढे घेऊन मी दारोदार फिरले, पुन्हा पाळ्या लावूया का म्हणून विचारलं. बायका हसल्या. "आता कशाला? पास झालीस ना!" माझा संताप संताप झाला. गणिताने पटवायला गेले, तर त्यांनी आणखी एक पेढा घेतला. शेवटी आई मागून आली आणि शांतपणे थाप मारली, "पास कसली? ही पहिली पायरी. हिचं पुढचं संशोधन याच टाकीवर आहे. आणि या वेळी रेघ सरळच लागणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या सुरू.

त्याला आता बराच काळ लोटला. मी नोकरीला लागले. सेन्सर कधीच काढून टाकला. तरी जिन्यात कुणी "किती राहिलं गं?" विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने "चालू आहे" म्हणते. या बायकांनी कुठल्याही नोटिशीला भीक घातली नसती, पण शेजारच्या पोरीच्या अभ्यासासाठी त्या रोज सकाळी दारात थांबतात. मला त्यांचं फार प्रेम वाटतं, आणि तोंडावर सांगायची सोय नाही.

परवा सकाळी चौथ्या मजल्यावर गेले, तर काकू ओले केस पंच्याने पुसत दारात उभ्या होत्या.

"काय गो, तुझा तो प्रबंध संपला की नाही?"

"नाही काकू, बराच बाकी आहे."

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "मी आहे तोवर संपवू नको म्हणजे झालं."