मुक्ताचं बोट अडलं

मंडळी, दोन तासांपूर्वीचीच गोष्ट आहे. कुणाला सांगू कळेना, म्हणून इथे लिहितेय.

माझी धाकटी बहीण मुक्ता चेलो, म्हणजे ते मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवते. आज दुपारी ऑर्केस्ट्रासोबत तिचं सोलो वादन होतं, एकोणिसाव्या शतकातली रोमँटिक रचना. गेले सहा महिने वाजवताना तिच्या डाव्या हाताचं एक बोट आपोआप मुडपतं. हे फक्त मला माहीत होतं.

स्टेजवर जाताना तिने विचारलं, "ताई, आज अडलं तर?"

"नाही अडणार गं," मी बेधडक सांगून टाकलं.

संथ भाग तिने असा वाजवला की शेजारच्या काकांनी डोळे पुसले. मग लय वाढली आणि बोट मुडपलं. ती थांबली, मागोमाग ऑर्केस्ट्राही थांबला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली आणि उठून आत निघून गेली.

एचएसआरला, आमच्या घरी परतताना कॅबमध्ये एवढंच म्हणाली, "चेलो तुझ्या खोलीत ठेव. मला दिसायला नको."

आता ती दार लावून बसलीये. हाक मारली तर "जा ना, ताई" म्हणते.

तुमच्यापैकी कुणाचा हात असा अडून पुन्हा चालू झालाय का? चालू झाला नसेल, तर वाद्याशिवाय कसे जगलात? प्लीज लिहा. जे लिहाल ते तिच्या दाराशी बसून मोठ्याने वाचेन.