अर्जुनाची माशी, म्हसोबाचा कोंबडा

लढाई संपली आणि मराठा पलटणीतला अर्जुना मोहिते कृष्णाकाठच्या आपल्या गावी परत आला. दुसरे शिपाई येताना घड्याळ आणतात, बूट आणतात. ह्या पठ्ठ्यानं काय आणलं, तर पत्र्याच्या डबीत चार बारीक गळ आणि डोक्यात एक खूळ.

त्याचं असं झालं, की इटलीत त्याचा कप्तानसाहेब डोंगरातल्या ओढ्यावर मासे धरायचा. गांडूळ नाही, कणीक नाही. गळाला पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, आणि मासा खरी समजून गिळायचा. साहेबाची सगळी सरबराई अर्जुनाकडं, त्यामुळं माशा बांधायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. साहेब विलायतेला गेला आणि खूळ तेवढं इकडं आलं.

तेव्हापासून गावात एकही जनावर सुखानं शेपूट हलवीना. अर्जुना समोरून आला की माणसाच्या तोंडाकडं बघायचाच नाही. नजर थेट शेळीच्या कानाकडं, नाहीतर कुत्र्याच्या शेपटाकडं! बिराप्पा धनगराला रामराम घालता घालता त्यानं मेंढीची लोकर चिमटीत धरून चोळून पाहिली, तेव्हा बिराप्पा म्हणाला, “घे की, आन जमलं तर माज्या मिशाबी न्हे.”

पण अर्जुनाला वाटेल ते चालत नसे. माशीच्या पोटाला मोरपिसाचा तंतू, अंगाला खारीचे केस, बांधायला रेशमी दोरा आणि दोऱ्याला चोळायला पोळ्यातलं मेण. हे सगळं जमायचं. अडायचं ते पिसापाशी. माशीचे पाय म्हणून कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं. कोंबडीचं कुचकामी, भिजलं की लोळागोळा. कोंबडा जून हवा, पीस ताठ हवं आणि शक्यतो तांबूस हवं, तर माशी पाण्यावर उभी राहते.

आता एवढा खटाटोप करून मासे किती मिळाले म्हणाल, तर एकही नाही. आजवर गळाला लागली होती एक बाभळीची फांदी आणि बिराप्पाचं पागोटं. गुंडा भोई जाळं खांद्यावर टाकून जाता जाता काठावर थांबायचा आणि हटकायचा, “काय अर्जुना, द्रौपदी दिसली का रं पाण्यात?” अर्जुना ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्याची बायको हरणाबाई. तिचा एक तांबडा कोंबडा होता. रात्री डालग्याखाली, दिवसा नजरेखाली. माहेरचा भाऊ आला तरी त्याला आमटीभाकरी घातली, पण कोंबड्याला हात लावला नाही. आणि मान तर काय सांगावी! ऊन पडलं की नुसती झळकायची. अर्जुनानं एकदा भीत भीत एक पीस मागून पाहिलं.

“हात तर लावून बघा,” हरणाबाई म्हणाली, आणि ती ज्या सुरात म्हणाली त्या सुरात त्याचा पलटणीतला हवालदारही कधी बोलला नव्हता.

एके दिवशी ती कोंबडा डालग्याखाली झाकून नदीला धुणं घेऊन गेली, आणि आमच्या शूर शिपायानं डालगं उचललं. एकच पीस घ्यायचं ठरलं होतं. पण एकाला जोडी नको? जोडीचं निघालं जरा लांब. मग त्याच्या मापाचं शोधा. कोंबडा बोंबलतोय, अर्जुना “झालं बाबा, झालं” म्हणून त्याची समजूत काढतोय, आणि बघता बघता मान ऊस तोडलेल्या रानासारखी उघडी पडली. माशी मात्र झाली फक्कड.

हरणाबाई आली, तिनं कोंबडा पाहिला, आणि डोक्यावरची पाटी तशीच खाली ठेवली. आता घर डोक्यावर घेणार म्हणून अर्जुना तयारीतच होता. पण ती ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, “त्यो म्हसोबाचा हाय.”

“म्हंजे?”

“तुमी लढाईवर व्हता, तवा बोलली व्हती. माझा माणूस धडधाकट घरी येऊ दे, धडधाकट तांबडा कोंबडा दीन. पयला मानमोडीच्या रोगानं मेला. मग ह्यो वाढवला. ह्या अवसंला द्यायचा व्हता.”

“आगं, मग सांगायचं न्हाई व्हय मला?”

“आन कोंबडा उपटायचा बेत तुमी सांगितला व्हता व्हय?”

नवसाच्या कोंबड्याला खोट चालत नाही. तुरा फाटका नको, पाय अधू नको, पिसं अखंड हवीत. कोंबडा जिवंत असताना बदलीही चालत नाही, नावानं सोडलेला तोच लागतो. आणि नवस फिटला नाही तर देव दिलेलं माघारी मागतो, ही हरणाबाईची धास्ती. दिलेलं म्हणजे अर्जुना! तिनं त्याला नदीची बंदी केली, झाडाखाली बसायची बंदी केली, बैलाच्या पुढून जायचीही बंदी केली. तिच्या घशाखाली घास उतरेना. तोफेला न भ्यालेला गडी स्वतःच्या घरात चोरासारखा वावरू लागला, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. अवसेला म्हसोबापुढं सगळा गाव जमला, निम्मा नवसाला आणि निम्मा अर्जुनाची फजिती बघायला. गुरवानं दगडाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

“देवा, कोंबड्याची मान उघडी हाय. गोड मानून घेणार आसशील तर उजवी दे.”

डावी पडली.

हरणाबाईचा चेहरा पांढराफटक झाला. गुंडा भोईसुद्धा हसायचा थांबला. गुरव पुटपुटला, “न्हाई म्हणतोय.” त्यानं पुन्हा कळ्या चिकटवल्या, पण काय विचारावं हे त्याला सुचेना. तशी हरणाबाई पदर खोचून पुढं झाली.

“म्हसोबा, आता माझं ऐक. म्या धडधाकट माणूस मागितला व्हता. तू कसला धाडलास? पाण्याचा तांब्या हातात दिला तर निम्मं पाणी भुईवर सांडतंय. हात थरथरत्यात ह्याचं. ह्याला वाटतंय मला दिसत न्हाई. माशी बांधाय बसला की तेवढंच थांबत्यात, बघ. म्हणून लग्नातल्या खणाचा दोरा उसवून न्हेला तरी म्या तोंडातनं शबूद काढला न्हाई. तू दिलेल्या माणसातली खोट म्या गोड मानली. आता माझ्या कोंबड्यातली तू मान.”

अर्जुनानं हात पटकन पाठीमागं घेतले. आपले हात हिला ठाऊक आहेत, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहेत, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

कळी पडली. उजवी.

वारा आला होता असं बिराप्पा अजून म्हणतो, पण त्या दिवशी ते बोलायची कुणाची छाती झाली नाही. अर्जुनानं पाठीमागं धरलेले हात पुढं केले आणि कोंबडा घेतला. हात थरथरत होते, सगळ्या गावादेखत, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

“नीट धरा,” हरणाबाई म्हणाली. “आन ऱ्हायलेली पिसं आता उपटा की! आजच बरी लाज वाटाय लागली?”

सगळा गाव खदाखदा हसला. अर्जुनाही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि दोन्ही हातांत कोंबडा असल्यानं ते पुसायचीही सोय नव्हती. ते हरणाबाईनंच पदरानं पुसले.